कशावरून मॅडम

आमच्या मॅडमना कुणी ‘गुड मॉर्निंग’ म्हटलं तरी त्या विचारायच्या, “कशावरून?” पहिल्या दिवशी अख्खा वर्ग हसला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न आला, तेव्हा लक्षात आलं की बाई थट्टा करत नाहीयेत. नगरच्या त्या नर्सिंग कॉलेजात त्यांचं खरं नाव दारावरच्या पाटीपुरतंच होतं. आम्ही सगळ्या त्यांना ‘कशावरून मॅडम’ म्हणायचो, आणि हे त्यांनाही चांगलं ठाऊक होतं.

आम्ही बहुतेक जणी शेवगाव, श्रीगोंदा, राहाता अशा भागांतून आलेल्या. मोठ्यांनी सांगितलं की मान डोलवायची, हे घरचं वळण. मॅडमना त्या डोलणाऱ्या मानेचा भारी राग. हे इंजेक्शन का देतेस असं विचारल्यावर कुणी “सरांनी सांगितलंय” म्हटलं, की त्या म्हणायच्या, “सरांना काय कळलंय ते कळलं. तुला काय कळलंय ते सांग.” पुस्तकात या विषयाला ‘चिकित्सक विचार’ असं भारदस्त नाव होतं. आम्ही त्याची व्याख्या घोकून ठेवली होती. मॅडमनी ती कधी विचारलीच नाही.

त्यांची रीत वेगळी होती. वॉर्डात नेऊन खाटेच्या पायथ्याशी उभं करायच्या. हात लावायचा नाही, बोलायचं नाही, नुसतं बघायचं. मग बाहेर आणून म्हणायच्या, “दिसलं ते आधी सांग. वाटलं ते नंतर.” राहात्याची रेश्मा माझी मैत्रीण. ती एकदा म्हणाली, “काका निवांत झोपलेत, मॅडम.”

“कशावरून?”

“डोळे मिटलेत.”

“डोळे मी देवापुढेही मिटते. तेव्हा काय झोपलेली असते?”

रेश्मा तोंड पाडून परत गेली. काकांच्या पोटात कळा येत होत्या आणि ते दात-ओठ आवळून, डोळे घट्ट मिटून पडले होते. त्या दिवसापासून ‘निवांत’ हा शब्द आमच्या वर्गातून हद्दपार झाला.

एवढ्या तिखट बाईचं एक मात्र आम्हाला कोडं होतं. वॉर्डात शिरताना त्या खिडकीजवळच्या खाटेपाशी जरा थबकायच्या. खाट रिकामी असली तरी थबकायच्या, आणि चेहरा उतरायचा.

दुसऱ्या वर्षी ते कोडं सुटलं. श्रीगोंद्याकडची एक आजी वॉर्डात होती. मी तिची चादर नीट करत होते. ती म्हणाली, “पोरी, लई घाबरं हुतंय गं.” मी चादरीवरूनच तिला थोपटलं आणि म्हटलं, “घाबरू नका आजी, मी आहे ना.” माझं वाक्य पुरं व्हायच्या आत मॅडम मागून धावत आल्या. आजीचं कपाळ घामानं डबडबलेलं होतं, हात गार पडले होते. डॉक्टर आले, ऑक्सिजन लावला, एकच धावपळ झाली. दुखणं हृदयाचं होतं. आजी वाचली.

मी बोलणी खायच्या तयारीनं उभी होते. मॅडम रागावल्याच नाहीत. वॉर्डाबाहेरच्या पायरीवर बसल्या आणि रेश्माला नि मला जवळ बसवून घेतलं. “आपल्याकडची बाई ‘घाबरं होतंय’ म्हणते ना, तेव्हा ती भ्यालेली नसते गं. तिचा जीव कासावीस होत असतो. आपण शब्द ऐकतो आणि धीर देत बसतो.” “माझ्या पहिल्या नोकरीत एक बाई असंच म्हणाली होती. मी म्हटलं, घाबरू नका. तिनं माझं ऐकलं. गप्प पडून राहिली. मला तर बरं वाटलं, कशी शहाण्यासारखी निजली म्हणून.” “माझ्यामुळे गेली ती. खिडकीजवळची खाट होती. अजून दिसते मला तिथं, गप्प पडलेली.”

मग त्या उठल्या आणि पुन्हा आजीच्या खाटेकडे गेल्या.

मॅडम निवृत्त झाल्या, मी नोकरीला लागले. गेल्या वर्षी त्या आजारी असल्याचं कळलं म्हणून एका खाजगी दवाखान्यात भेटायला गेले. खाट नेमकी खिडकीजवळची. माझी नजर ओळखून त्या म्हणाल्या, “बघ, मलाच मिळाली.” शेवगावकडची एक तरुण सिस्टर सलाइन बघत होती. मॅडम तिला म्हणाल्या, “बाळ, जरा घाबरं होतंय.”

“घाबरू नका मावशी,” ती हसून म्हणाली.

मी ताडकन उठले. “नाडी बघ आधी!” पोरीनं मनगट धरलं आणि तिचा रंगच उडाला. ती पळत गेली, डॉक्टर लगेच आले, करायचं ते सगळं झालं. तरी संध्याकाळी मॅडम गेल्या.

ती पोरगी बाहेर भिंतीला टेकून हुंदके देत होती. “ताई, मी त्यांला घाबरू नका म्हनले वो. माझ्यामुळंच गेल्या त्या.”

तिच्या जागी मला पायरीवरच्या मॅडम दिसल्या. ‘घाबरू नकोस’ हे शब्द माझ्याही जिभेवर आले होते. ते गिळले. आणि तेव्हा उमगलं की सगळ्या जगाला ‘कशावरून’ म्हणून विचारणाऱ्या या बाईला तो प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. त्यांनी स्वतःलाही नाही. इतकी वर्षं त्या खिडकीजवळच्या बाईला त्यांनी एकटीनं मनात वागवलं.

“कशावरून?” मी विचारलं.

तिनं मान वर केली.

“दिसलं ते आधी सांग. वाटलं ते नंतर.”

डोळे पुसत ती सांगायला लागली. घाम होता, हात गार होते, नाडी लागत नव्हती, मग डॉक्टर आले. मी तिच्या शेजारी भिंतीला टेकून शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

हल्ली वॉर्डात शिरताना मीही खिडकीजवळच्या खाटेपाशी थबकते. मॅडम तिथं दिसतात. पण त्या गप्प नसतात.