अडचण नसलेली पोरगी

आमच्या घरी महालक्ष्म्या बसायच्या आधी बायकांची कुजबुज सुरू व्हायची. कुणाची अडचण कधी, पुरण कोण शिजवणार, मुखवट्यांना हात कोण लावणार. त्या वर्षी मी नांदेडहून लातूरकडच्या मुरुडजवळ आमच्या गावी आले, तर काकू सगळ्यांसमोर म्हणाली, "देवाचं समदं हिलाच द्या. हिला कधी कावळाच शिवत न्हाई. मारुतीच हाय आमचा!"

सगळ्या फिदीफिदी हसल्या. आईही हसली. तिला वाटायचं, हिचे दिवस नेमके नांदेडलाच उरकतात, पोरगी नशीबवान. खरं तर वर्षाच्या वर होऊन गेलं होतं, मला पाळी आली नव्हती.

नांदेडला मी पळायला राहिले होते. पाच हजार, दहा हजार मीटर. राज्याच्या निवडीत नाव काढायचं, एवढंच डोक्यात. सराव घेणारे सर म्हणायचे, "वजन उतरून राहिलं, बरं हाय. अजून थोडं उतरव." मग रात्रीची भाकर सोडली. खोलीतली मैत्रीण म्हणाली, "सुटलीस गं बाई! मलापण शिकव की." आणि खोटं कशाला बोलू, मलाही सुटल्यासारखंच वाटायचं. ऐन शर्यतीच्या दिवशी पोट धरून चड्डीवर डाग पडलाय का बघत ज्या पोरी पळतात, त्यांना विचारा.

पण उजव्या पायाची नडगी दुखायला लागली होती. आधी पळताना, मग चालताना, मग नुसतं पडल्यापडल्या. महालक्ष्म्यांच्या जेवणादिवशी नैवेद्याचं ताट घेऊन उठले आणि पायात अशी कळ गेली की मी दाराची चौकट धरली. ताट काकूनं झेललं. सण उरकल्यावर आईनं मला लातूरला नेलं.

डॉक्टरीणबाईंनी नडगीवर बोट दाबलं, मी ओरडले. एक्स-रे लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, "शेवटची पाळी कधी?"

खोटं सुचलंच नाही. "वर्ष होऊन गेलं," म्हणाले.

आईनं माझ्याकडं पाहिलं. तसं तिनं कधी पाहिलं नव्हतं. एकटी पोर, परगाव, मैदानावरची पोरं. तिच्या डोक्यात काय चाललंय ते मला लख्ख दिसत होतं. मी काही केलं नव्हतं, तरी मी नजर खाली वळवली. एक्स-रे काढला, लघवी तपासायला दिली. बाहेरच्या बाकावर आई माझ्यापासून हातभर लांब बसली आणि हळूच म्हणाली, "आत्ताच सांग. बापाला कळायच्या आत सांग."

"काही न्हाई गं आई!"

तिचा विश्वास बसला नाही.

पुन्हा आत बोलावलं. बाई म्हणाल्या, "दिवस गेलेले नाहीत." आईनं तिथंच पदर डोळ्याला लावला, हात जोडले, देवाचं नाव घेत राहिली. बाई पुढं बोलतच होत्या, पण ते तिच्या कानात शिरलंच नाही. ते मी एकटीनं ऐकलं. खाणं कमी, पळणं जास्त, म्हणून शरीरानं पाळी बंद केली. पाळीचं हार्मोन घटलं, ते हाडांनाही लागतं. नडगीला बारीक चीर गेलीय. पळणं आजपासून बंद, पोटभर जेवायचं. सगळ्या हाडांची तपासणी करावी लागेल.

"पाळी परत येईल ना?"

"येईल. कधी, ते आज सांगता येत नाही."

"आणि हाडं?"

"तुझ्या वयात हाडं भरायला पाहिजेत. तुझी झिजत गेली असणार. गेलेलं सगळंच भरून येईल, असं नाही म्हणता येत."

बाहेर येताच आईनं दादांना, माझ्या वडलांना, फोन लावला. "काही न्हाई हो, मुकामार हाय." आवाज एकदम मोकळा. मग भराभरा दवाखान्याच्या पायऱ्या उतरली आणि वळून हसली.

"चल की गं! आता कशाला भ्यायचं?"

मी कठड्याला धरून वर उभी होते. कोणता पाय आधी खाली टाकावा, तेच मला कळेना.