गिअरचा दात आणि सोपानतात्या

“तेल वेळेवर पडलं नाही, म्हणून दात तुटला. यात तपासायचं काय आहे?” साखर कारखान्याचे चीफ इंजिनिअर म्हणाले.

समोर ऊस गाळायच्या मिलचा गिअर उघडा पडला होता. एक दात मुळापासून गेलेला. कारखाना इंदापूरकडचा, गिअर आमच्या कंपनीनं बनवून बसवलेला. मी बारामतीच्या एमआयडीसीत, त्या कंपनीच्या लॅबमध्ये होते. धातू का झिजला, का तुटला, हे शोधणं माझं काम. हंगाम ऐन भरात होता, मिल बंद होती आणि उसाच्या गाड्या गेटपासून पार रस्त्यापर्यंत उभ्या होत्या.

गिअरला तेल घालणाऱ्या ऑइलमनला, सोपानतात्यांना, सस्पेंड केलं होतं. जवळच्या कळस गावचा माणूस, रिटायरमेंटला आलेला. घरची मेंढरं वडिलांच्या काळातच गेली, तेव्हा हे कारखान्यात लागले ते इथंच राहिले. मला ते गेटबाहेर भेटले.

“ताई, तेल घातलंय मी,” ते म्हणाले. “साहेब इचारतच न्हाईत. गावचाच ऊस हितं वाळतोय. लोक म्हणत्यात, सोपान झोपला आन् आमचा ऊस वाळला. आता रस्त्यानं जायचीबी लाज वाटती.”

मी शब्द दिला नाही. द्यायला माझ्याकडं काही नव्हतंच.

तुटलेला दात आपटून चेपला होता, त्याच्यावरून काही कळणार नव्हतं. मी शेजारच्या दातांचे ठसे घेतले. प्लास्टिकची पातळ पट्टी अ‍ॅसिटोननं मऊ करायची, दातावर दाबायची आणि वाळली की सोलायची. दातावरचा खड्डा न् खड्डा तिच्यावर उमटतो. एवढा गिअर लॅबमध्ये कोण आणणार? पट्ट्या पाकिटात मावतात. प्रत्येक दाताच्या दोन्ही टोकांच्या आणि मधल्या भागाच्या पट्ट्या मी खुणा करून आणल्या.

लॅबमध्ये इमेज अ‍ॅनालिसिसची सोय नवीनच आली होती. मायक्रोस्कोपवर कॅमेरा आणि कॅमेरा कॉम्प्युटरला जोडलेला. फोटो करड्या ठिपक्यांचा असतो. किती गडद करड्याला काळं धरायचं, ती मर्यादा आपण ठरवायची. तिला थ्रेशोल्ड म्हणतात. काळा भाग म्हणजे खड्डे. कॉम्प्युटर तो मोजतो आणि पृष्ठभाग किती खराब झालाय ते सांगतो.

तेल कमी पडलं की धातूवर धातू घासतो आणि दातभर ओरखडे उठतात. माझ्या फोटोंत ओरखडे जवळजवळ नव्हतेच. जास्त भारानं पडतात तसे खड्डे होते, पण एकाच टोकाला दाट, मध्ये विरळ आणि दुसऱ्या टोकाला काहीच नाही. म्हणजे सगळा भार दाताच्या एकाच टोकावर येत होता. दोन गिअर एकमेकांना समांतर बसलेच नव्हते. आणि ते बसवले होते आम्ही.

आमचे वर्क्स मॅनेजर इनामदारसाहेब स्क्रीनसमोर खुर्ची ओढून बसले.

“हा थ्रेशोल्ड जरा खाली घेतला तर?”

घेतला. खड्डे कमी दिसायला लागले.

“अजून.”

अजून कमी झाले.

“बघा, एवढंसं तर आहे. असाच रिपोर्ट जाऊ दे.”

“सर, दुसऱ्या टोकाचा फोटोही याच थ्रेशोल्डला लावते.” मी लावला. स्क्रीन पांढराशुभ्र. “तुम्ही हवा तिथं ठेवा. आकडा बदलेल. एका टोकाला खड्डे आणि दुसरं टोक साफ, हे काही बदलणार नाही.”

त्यांनी स्वतः थ्रेशोल्ड वरखाली करून पाहिला. तेव्हाचे कॉम्प्युटर, प्रत्येक वेळी चित्र बदलायला वेळ लागायचा. ते थांबायचे, बघायचे, पुन्हा बदलायचे. शेवटी खुर्ची मागं सरकवली.

“त्या ऑइलमनचं काय झालं?”

“सस्पेंड आहेत. गावात तोंड दाखवायची चोरी झालीय त्यांना.”

“गाडी काढायला सांगा. तुम्हीही चला.”

कारखान्यात गिअरची जुळणी तपासली. खरोखरच वाकडी निघाली. इनामदारसाहेब सगळ्यांसमोर म्हणाले, “तेलाचा दोष नाही. आमच्या बसवण्यात चूक झाली. गिअर आम्ही बदलून देतो.”

चीफनी तात्यांना बोलावून घेतलं. “उद्यापासून ड्युटीवर या,” एवढंच म्हणाले.

“व्हय साहेब,” तात्या म्हणाले. मग माझ्याजवळ आले. “ताई, फोटूत माझं तेल दिसलं व्हय?”

“तेल नाही दिसत, तात्या. तेल नसतं तर जे दिसलं असतं, ते दिसलं नाही.”

“हे गावात कसं सांगू?”

इनामदारसाहेब मागंच उभे होते. “गिअरवाल्यांची चूक होती, एवढंच सांगा,” ते म्हणाले. “खुशाल माझं नाव घेऊन सांगा.”

तात्यांनी मान हलवली आणि चष्मा काढून सदऱ्याला पुसला.

नवा गिअर आला, नीट बसला, मिल चालू झाली. मी तेव्हापासून रिपोर्टात थ्रेशोल्ड कुठं ठेवला ते लिहिते, आणि झिजलेल्या भागाच्या फोटोशेजारी न झिजलेल्या भागाचाही फोटो लावते. एकाच फोटोवर कुणालाही दोषी ठरवता येतं.