धर्मराजने देवी कापली

साळूबाई चिंचेने समया घासत होत्या. एक लख्ख झाली, दुसरी अर्धी उजळली, तेवढ्यात त्यांचं लक्ष लेकाच्या कम्प्युटरकडे गेलं आणि हात तसाच राहिला. पडद्यावर देवी होती आणि धर्मराज तिच्या गळ्यावरून सरळ रेघ ओढत होता.

"काय करून राह्यला रे?"

"देवी कापून राह्यलो, माय."

धर्मराजचा स्वभावच तसा. खरं बोलायचा, पण वेळ बघून नाही. मस्तगडच्या बाजारात तो आधी दुकानांच्या पाट्या रंगवायचा. एका दाताच्या डॉक्टरच्या पाटीवर त्याने एवढा मोठा दात काढला, की डॉक्टरांचं नाव शेवटी दातावरच लिहावं लागलं. पुढे छापील बोर्ड आले, ब्रश वाळले आणि घरात कम्प्युटर आला. आता शहागडकडच्या एका देवस्थानाने त्याला वेबसाइटचं काम दिलं होतं. घटस्थापनेला ती सुरू व्हायची होती.

"खंडित मूर्ती देव्हाऱ्यात ठेवत न्हाईत, गंगेत सोडतात," साळूबाई म्हणाल्या. "अन् तू चांगली अखंड देवी कापून जगाला दाखवणार. तिला जोड. तवर माझ्या पोटात चहा जायचा न्हाई."

घर हादरलं. त्यांनी जेवण सोडलं असतं तर एक वेळ चाललं असतं. चहा सोडलेली सासू म्हणजे काय, हे पुष्पालाच माहीत. दुपारपर्यंत सासूच्या आदळआपटीत तिच्या दोन पातेल्यांना पोचे आले.

धर्मराजने समजावून पाहिलं. "माय, आख्खा फोटो लई जड असतो. तुकडे हलके, जल्दी येतात. अन् तुकडा दाबला की पुढचं पान उघडतं. हार दाबला की पूजेच्या वेळा, पाय दाबले की देणगी."

"देवीचे पाय दाबायचे? हात धुऊन का तसेच?"

"अहो, जोडा एकदाचं," पुष्पा आतून म्हणाली. "आत्याबाईंचं डोकं दुखून राह्यलं, अन् भोगते मी."

संध्याकाळी धर्मराजने आख्खा फोटो लावला. साळूबाई डोक्यावर पदर घेऊन खुर्चीवर बसल्या. फोनच्या तारेवरचं इंटरनेट किंचाळून, गुरगुरून लागलं. मुकुट आला. साळूबाईंनी हात जोडले. मळवट आला. मग भुवया. पुढे काहीच येईना. जोडलेले हात अवघडले, तेव्हा त्यांनी कोपरं टेबलावर टेकवली.

"डोळे कधी येतील?"

"येतील. दम धर."

"मंग तवर चांगुणाशी बोलून घेते," म्हणत त्यांनी बहिणीला लावायला फोनचा रिसीव्हर उचलला.

लाइन तुटली. देवी भुवयांवर थांबली ती थांबलीच.

साळूबाईंनी हातातल्या रिसीव्हरकडे पाहिलं, मग देवीकडे. धर्मराज काही बोलला नाही. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला वेळ कळली असावी.

"माझ्या हातून खंडित झाली काय रे?" त्या हळूच म्हणाल्या.

"झाली खरी. म्हणून तर तुकडे करून राह्यलो. आलेला तुकडा पुरा येतो. मधेच लाइन गेली तरी तो ऱ्हातो, बाकीचे मागून येतात."

त्याने तुकड्यांचं पान लावलं. आधी पाय आले, मग ओटी, मग हार, आणि शेवटी मुखवटा जागेवर बसला.

"पाय हलका तुकडा आहे, म्हणून आधी आला," धर्मराज म्हणाला.

"हलका बिलका काही न्हाई. दर्शन पायापासूनच घेतात. तिला समजतं, तुला न्हाई समजत." साळूबाईंनी काचेवरून बोट फिरवलं. "जोड कुठंय?"

"दिसत न्हाई ना? मंग झालं."

"झालं कसं? गळ्यावर रेघ नको, हाराच्या खाली घे. अन् देणगी पायावरून काढ, ओटीवर ठेव. लोक ओटीतच घालतात."

धर्मराजने रेघ खाली घेतली आणि देणगी ओटीवर नेली. साळूबाईंनी ते दोनदा बघितलं, पडद्याला नमस्कार केला आणि आत आवाज दिला, "पुष्पा, चहा टाक. आलं ठेचून."

"दूध न्हाई, आत्याबाई. तुम्ही चहा सोडला म्हणून सगळ्याला विरजण लावलं."

साळूबाईंनी लेकाकडे पाहिलं. धर्मराजने कम्प्युटर चालूच ठेवला, खुंटीची पिशवी काढली आणि दूध आणायला गेला.