वॉटर स्कूटरच्या पोटातला माझा दोरा

मोरपिसाच्या देठाचे गळाचे तरंगे, चाकांच्या बॅलन्सिंगची टाकाऊ वजनं वितळवून ओतलेले शिशाचे भार, भरीव बांबूची काठी, घडीचं स्टूल (चारही पाय एकाच वेळी जमिनीला टेकतात, हे मुद्दाम सांगतो), तेलाच्या डब्याची शेगडी, माशाच्या तोंडातला गळ काढायचा आकडा, मोटारसायकलला काठ्या बांधायची लोखंडी चौकट आणि एक पितळेचं रीळ. या प्रवासाला नेलेलं एवढं सगळं सामान मी स्वतःच्या हातानं केलेलं आहे. रीळ तर चिकलठाण्यातल्या माझ्या छोट्या वर्कशॉपमध्ये, लेथवर, दोन उन्हाळे खपून केलं. फिरवलं तर आवाज येत नाही. बायको म्हणते, "अहो, असं रीळ दुकानात मिळतं की." मिळतं. पण त्याचं हँडल डुगडुगतं.

माझी शाळा दहावीपर्यंत. घराणं भटजी-कारकुनांचं. सख्खे, चुलत, मावस असे सगळे भाऊ इंजिनिअर झाले आणि इंजिन मात्र एकट्या मला समजतं. आमच्या घरात मासा शिजत नाही. मी मासे धरतो, पण खात नाही. धरलेला मासा रफिकभाईंच्या घरी जातो. रफिकभाई माझे जुने मित्र, गाड्यांच्या बॉडीचं काम करून आता निवृत्त. मग तू जातोस कशाला, असं नातेवाईक विचारतात. पाण्याकडं बघत गप्प बसायला जातो. घरात नुसतं गप्प बसलं तर लोक तब्येत विचारतात. हातात काठी असली की कुणी काही विचारत नाही.

यंदा मात्र काम होतं. रफिकभाईंचा फोन आला. "जोशी साब, शबाना आयी है हैदराबाद से. आठवा महीना चल रहा. रोहू खाना बोल रही, बाजार का बर्फवाला नक्को बोल रही. अपने पानी का होना."

शबानाला मी ती फ्रॉकमध्ये होती तेव्हापासून ओळखतो. लहानपणी आम्ही आणलेल्या माशाचं डोकं कुणी खायचं यावरून ती भावाला चावली होती. म्हटलं, "रफिकभाई, रोहू आणलाच समजा." बोलून गेलो खरा. फोन ठेवल्यावर बायको म्हणाली, "माशाला विचारलं का?"

शुक्रवारी दुपारी निघालो. पैठण रस्त्याचं काम सुरू आहे, म्हणजे मी पाहतोय तेव्हापासून सुरूच आहे. धूळ खायची तयारी ठेवा, रुमाल ओला करून बांधा. बिडकीनच्या अलीकडं नव्या औद्योगिक भागाचे रुंद रस्ते लागतात. इतके रुंद, की आमची मोटारसायकल त्यावर विसरून राहिलेल्या खेळण्यासारखी दिसते. दिवे लागलेत, झाडांना पाण्याचे टँकर येतात. पुढच्या गावात माणसांनाही टँकरच येतो, पण तो उशिरा येतो. बिडकीनमध्ये गरम भजी आणि चहा घ्या. भज्यांबरोबर तळलेली मिरची फुकट मिळते, ती जपून.

तिथून आत वळून धरणाच्या मागच्या पाण्यावर कसं जायचं, ते मी सांगणार नाही. कमेंटमध्ये विचारू नये. या जागेचं मी आधीच पुरेसं नुकसान केलंय. कसं, ते पुढं येतंच.

सलग दुसरं वर्ष पाऊस दडी मारून बसलेला. पाणी इतकं मागं सरकलं होतं की मोटारसायकल लावून भेगाळलेल्या गाळावरून बराच वेळ चालावं लागलं. पण धरणात बुडालेल्या जुन्या गावाच्या चावडीचा दगडी ओटा अशाच वर्षी उघडा पडतो. पाऊसमान बरं असलं की तो खोल पाण्यात असतो. दुष्काळात त्याची एक बाजू नेमकी पाण्याला टेकते, आणि आम्हाला बसायला याच्यासारखी जागा जिल्ह्यात नाही. ओटा दिसला की मला आनंद होतो. लगेच लाजही वाटते. आख्खा तालुका टँकरची वाट बघतोय आणि आपण दगड वर आला म्हणून खूश.

मुक्काम जवळच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या पंपाच्या खोलीत. विहीर आटल्यामुळं पंपाला काम नव्हतं, म्हणून खोली मोकळी.

संध्याकाळी चारा टाकला. हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: रोहू तळाशी चरतो. शेंगदाण्याची पेंड, भाजलेलं बेसन, ओवा, हिंग असे गोळे एकाच जागी टाकत राहायचे, मग मासा त्या जागी येऊ लागतो. त्याला तिथं निर्धास्त वाटलं पाहिजे. सगळा खेळ निर्धास्तपणाचा. आम्ही ओट्यावर खोकतसुद्धा नाही.

तोंडातला तंबाखू रफिकभाईंनी आवाज न करता थुंकला, आणि तेवढ्यात पलीकडून घर्रर्र करत एक वॉटर स्कूटर आली. तिच्यामागं दुसरी. पलीकडच्या काठाला एक नवं रिसॉर्ट झालंय. त्यांच्या बाजूचं पाणी आटलं म्हणून त्यांनी स्कूटरी इकडं, खोल भागात हलवलेल्या. दुष्काळानं रोहूला, आम्हाला आणि स्कूटरींना एकाच डबक्यात आणून सोडलं होतं.

गॉगल लावलेल्या एका तरुणानं आमच्या तरंग्यांभोवती गोल चक्कर मारली. लाट ओट्यावर चढली, पेंडीचा एक डबा वाहून गेला. मी उभा राहून दोन्ही हात हलवले. त्याला वाटलं मी टाटा करतोय. त्यानंही हात हलवला आणि आणखी एक चक्कर मारली.

"अरे बाबा, इथं मासे धरतोय आम्ही!"

"मग आम्ही हाकून देतो ना काका तुमच्याकडं!" त्याच्या मागं बसलेली मुलगी हसत म्हणाली. दुसऱ्या स्कूटरवाल्यानं जाता जाता विचारलं, "अंकल, पानी आप के बाप का है क्या?"

नाही. माझ्या वडिलांचं पाणी पळी-पंचपात्रात मावत होतं. पण हे उत्तर मला रात्री झोपताना सुचलं.

शनिवारी पहाटे मी उपाय केला. शेतकऱ्याकडून पत्रा आणि ट्रॅक्टरचा उरलेला लाल रंग घेतला आणि पाटी रंगवली: 'शांतता राखा. मासेमारी चालू आहे. ओट्यापासून दूर राहावे.' अक्षरं आखून, सारख्या उंचीची, वरती रेघ सरळ. पाटी काठीला ठोकून ओट्याच्या टोकाला उभी केली. रफिकभाई म्हणाले, "बहोत खूबसूरत लिखे. अब ये लोगां देखने कू आते."

दहा वाजता ते खरं झालं. लाल पाटी, मागं पाणी, जुन्या गावाचे दगड. रिसॉर्टवरून येणारा प्रत्येक जण स्कूटर आमच्यासमोर उभी करून, ओठांवर बोट ठेवून पाटीबरोबर फोटो काढू लागला. इंजिन चालूच. एकानं मला जरा बाजूला व्हायला सांगितलं, फ्रेममध्ये येत होतो म्हणून. एका मुलीनं मात्र विचारलं, "काका, हा फॉन्ट कोणता?" कबूल करतो, त्या एका प्रश्नानं माझा राग अर्धा उतरला.

दुपारी एक स्कूटर आपोआपच बंद पडली आणि ओढून नेली गेली. उरली एक. तिच्यावर तोच कालचा गॉगलवाला. माझ्या काठीच्या इतका जवळून गेला की माझा दोरा खाली ओढला गेला. रीळ सुसाट फिरलं. आवाज न करता, हे नमूद करतो. मग दोरा संपला, गाठीपाशी तुटला, आणि पुढं दहा हातांवर स्कूटर घुसमटल्यासारखं करून बंद पडली.

शांतता झाली. पाटीनं जे केलं नाही ते दोऱ्यानं केलं. पाणी हळूहळू सपाट झालं. एक बगळा येऊन पाटीवर बसला. गॉगलवाला स्कूटर ढकलत काठाला आला आणि फोन लावू लागला. रफिकभाई आपली काठी उचलून ओट्याच्या पार दुसऱ्या टोकाला गेले, गोळा टाकला आणि बसले.

थोड्या वेळानं रिसॉर्टचा मॅनेजर गाळातून चालत आला. तिशीचा, पाय गुडघ्यापर्यंत माखलेले, चेहरा रडवेला.

"काका, लई वाट लागली बघा. शनिवार हाय, बुकिंग फुल्ल. मेकॅनिक पुण्याहून येतो, त्याला आठ दिस लागतेत. इथं कुणाला यातलं काय बी कळत नाय."

इथं कुणाला कळत नाय.

ओट्याच्या टोकावरून रफिकभाईंनी माझ्याकडं बघितलं आणि मान सावकाश डावीकडून उजवीकडं हलवली. चाळीस पावलांवरूनही ते डोळे स्पष्ट बोलत होते: जोशी साब, नक्को. हात नक्को लगाव.

मी म्हणालो, "नुसतं बघतो."

मग तुम्हाला कळलंच असेल. स्कूटर काठावर ओढून घेतली. आधी सुरक्षा दोरीची क्लिप काढायला लावली, कारण पोटातल्या पंख्याजवळ हात घालायचा तर इंजिन चुकूनही सुरू होता कामा नये. मग कुशीवर आडवी केली. कोणत्या कुशीवर हेही महत्त्वाचं; चुकीच्या बाजूनं कलंडली तर इंजिनात पाणी जातं. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. एक्झॉस्टचा रस्ता बघून मी जागेवर ठरवलं आणि मोठ्यानं समजावूनही सांगितलं, कारण तोवर सात-आठ जण गोळा झाले होते. खालच्या जाळीतून आत पाहिलं, तर पंख्याच्या दांड्यावर माझा दोरा गुंडाळून, घासून, वितळून गच्च बसलेला. गळ काढायचा माझा घरगुती आकडा अशा कामासाठी केलेलाच नव्हता, तरी त्यासाठीच केल्यासारखा चालला. एकेक वेढा कापून बाहेर काढला. शेवटी माझा मोरपिसाचा तरंगाही निघाला, अर्धा.

"आता पाण्यात घ्या आणि मारा स्टार्टर," मी म्हणालो. डॉक्टरनं बाळ उलटं धरून पाठीवर चापट मारावी तसं.

स्कूटर गरजली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. गॉगलवाल्यानं आनंदानं लगेच एक मोठी चक्कर घेतली.

त्या टाळ्यांमध्ये मला एक आवाज ऐकू आला नाही. नंतर कळलं, तो रफिकभाईंच्या रिळाचा होता. शांतता झाल्यावर त्यांच्या गोळ्यावर मासा आला होता, लागलाही होता, आणि ते त्याला हळूहळू दमवत काठाकडं आणत होते. मी वळून पाहिलं तेव्हा काठी कमानीसारखी वाकलेली आणि पाण्यात तांबूस शेपूट एकदाच वर आलेली. स्कूटरची लाट आली, मासा बिथरून ओट्याखालच्या दगडांत घुसला, आणि काठी सरळ झाली.

रफिकभाईंनी दोरा गुंडाळला, माझ्याजवळ आले आणि स्कूटरकडं बघत म्हणाले, "वाह, जोशी साब. क्या रिपेर किये."

त्यापेक्षा शिवी दिली असती तर बरं. ते पंपाच्या खोलीकडं चालू लागले. उद्या दुपारी घरी पोचायचं होतं, आणि शबानाला काय सांगायचं, हा प्रश्न त्यांच्या पाठीवर लिहिलेला दिसत होता.

मॅनेजर पाकीट काढत होता. "काका, किती देऊ?"

"पैसे नकोत. उद्या सकाळी दहापर्यंत एकही इंजिन लावायचं नाही."

"पण काका, सकाळच्याला पब्लिक..."

"मग मी दोरा परत आत घालून देतो."

तो हसला, पण मी हसलो नाही. "बरं, दहापर्यंत नाय लावत," तो म्हणाला.

रविवारी उजाडताना ओट्यावर बसलो. मला दोरा उरला नव्हता, त्यामुळं माझं बिनआवाजी रीळ पिशवीत. रफिकभाईंची बाजारातली काठी, बाजारातलं रीळ, हँडल डुगडुगतंय. मी फक्त चारा टाकायचा आणि तोंड बंद ठेवायचं, अशी वाटणी त्यांनी केली होती. दोन्हींपैकी अवघड काम कोणतं, ते बायकोला विचारा. पलीकडं दोन स्कूटरी झाकून ठेवलेल्या. पाणी असं, की चिखलात पाय रुतवलेल्या बगळ्यानं पाऊल उचललेलं ऐकू यावं.

ऊन चढायच्या आत तरंगा आधी आडवा झाला, मग सावकाश खाली गेला. यावेळी मी जाळी धरली. रोहू चांगला हातभर लांब, तांबूस कडांचे खवले. रफिकभाई त्याच्याकडं बघून म्हणाले, "सिर शबाना का." त्या वेळेपासून ते माझ्याशी पुन्हा बोलायला लागले. पाटी मी स्वतः उपटून आणली.

परतताना मासा ओल्या पोत्यात आणि पोतं माझ्या चौकटीला बांधलेलं. चौकट एका इंचानंही हलली नाही. दुपारी रफिकभाईंच्या अंगणात शबानानं पोत्यात डोकावून पाहिलं. "चाचा, ये आप पकडे?" रफिकभाई मधेच म्हणाले, "चाचा इंजिन पकडे. मछली मैं पकडा." तिनं डोकं खाल्लं म्हणे, चिंचेच्या कालवणातलं, कुणालाही न देता. मला तिथं चहा आणि खारी मिळाली.

हा प्रवास करावा का? करावा. पाणी आहे तोवर, आणि सकाळी. काय उरलं, तर अर्धा तरंगा आहे, घरच्या खिडकीत ठेवलाय. पाटी दारामागं आहे. बायको म्हणते ती घरात माझ्या पाठीमागं लावावी. आणि पाणी सपाट होताना दिसलेली ती दुपार आहे, जी मी स्वतःच्या आकड्यानं मोडली.

गुरुवारी मॅनेजरचा फोन आला. आणखी चार स्कूटरी येणार आहेत. शनिवार-रविवार तिथंच राहायचं, सगळ्या चालू ठेवायच्या. जेवण, खोली, आणि ओळखपत्र. ओळखपत्रावर काय छापणार, हे मी विचारायला नको होतं, पण विचारलं. 'चीफ इंजिनिअर,' तो म्हणाला. दहावी पास माणसाला. मावसभाऊ डोळ्यासमोर आले, ओळीनं. बायको पोळी लाटता लाटता थांबली होती. मी पाच मिनिटांत सांगतो म्हणालो, आणि ती पाचही मिनिटं खिडकीतल्या अर्ध्या तरंग्याकडं बघत बसलो. मग फोन केला आणि नाही म्हणालो. महिना सव्वीस हजार रुपये.