मैत्रिणीची मशरूम कॉफी

डी.एड.ला असताना खामगावात आम्ही दोघींनी मिळून एक खोली घेतली होती. एकच स्टोव्ह, एकच आरसा. एकीला ताप आला की दुसरीनं वर्गातलं सगळं दोन वह्यांत उतरवायचं. पुढे दोघी शिक्षिका झालो, ती खामगावातच राहिली, मी लग्न होऊन लोणारजवळच्या बीबी गावाला आले. माझं पहिलं मूल जन्मून चौथ्या दिवशी गेलं तेव्हा ती रजा टाकून आली आणि आठ दिवस माझ्याजवळ बसून राहिली. त्या आठ दिवसांनंतर मी तिला कधी कशालाच नाही म्हटलं नाही.

आम्ही निवृत्त झालो आणि ती दर महिन्याला बसनं माझ्याकडे येऊ लागली. पहिल्याच खेपेला तिनं पिशवीतून एक चकचकीत पाकीट काढलं. औषधी मशरूम घातलेली कॉफी. मला हसू आलं. आमच्याकडे पावसाळ्यात शेताच्या धुऱ्यावर, बांधावर उगवलेली छत्री खायची म्हटली तरी माणसं दहादा विचार करतात. ती म्हणाली की पुण्याला तिची मुलगी ऑफिसात चहा सोडून हीच पिते, आता खामगावातही मेडिकलवाले ठेवू लागलेत, आणि तिनं स्वतः एजन्सी घेतली आहे. मी करून प्यायले. ओल्या लाकडाच्या ढलप्यांसारखा वास होता, चव मात्र वाईट नव्हती.

चौथ्या की पाचव्या खेपेला तिनं फोन तांब्याला टेकवून उभा केला आणि दोन शब्द बोल म्हणाली. कॉफी हलकी आहे, सकाळी बरं वाटतं, एवढं मी बोलले. ते खरंच होतं. मग तिनं गुडघ्यांची चौकशी केली. दुखण्याच्या त्या गोळ्या मी केव्हाच बंद केल्या, डॉक्टरांनीच आता गरज नाही सांगितलं, असं मी तिला म्हणाले. फोन चालूच आहे हे मला कळलं नाही.

आमच्या घरामागे एका बाईचं भाजीचं वावर आहे. तिची दोन्ही मुलं माझ्या हाताखाली शिकली. तिला शुगर, मलाही शुगर. गोळ्या घेतल्या का, असं आम्ही कुंपणावरून एकमेकींना विचारायचो. दिवाळीच्या गडबडीत महिनाभर ते विचारणं राहून गेलं. दिवाळीनंतर एका दुपारी ती मेथीच्या वाफ्यात कोसळली. मेहकरच्या दवाखान्यात मी भेटायला गेले तेव्हा तिच्या हाताला सलाईन होतं आणि ओठ सुकून पांढरे पडले होते. महिनाभर गोळ्या घेतल्या नव्हत्या, असं तिची सून म्हणाली. मी रागावले. एवढं समजत असून असं काऊन केलं, विचारलं.

ती हळूच म्हणाली, "मॅडम, तुम्हीच तं सांगतलं. तुम्ही बंद केल्या म्हून म्याबी केल्या."

सुनेनं फोन माझ्यापुढे धरला. त्यात मी होते, माझ्याच ओट्यावर. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं की या कॉफीनं शुगर गेली. आणि मी हसत म्हणत होते, त्या गोळ्या तं मी केव्हाच बंद केल्या. गुडघ्यांचं आणि डॉक्टरांचं बोलणं कापलेलं होतं. मी त्या सकाळीसुद्धा शुगरची गोळी घेऊन निघाले होते.

दुसऱ्या दिवशी न कळवता खामगावला गेले. मैत्रिणीनं दार उघडलं, आनंदानं आत नेलं आणि चहा टाकला. कॉफी काऊन नाही, विचारलं तर म्हणाली, मले तिचा वास सहन होत नाही. मग मी वावरवालीचं सांगितलं. तिचा चेहरा उतरला, पण लगेच म्हणाली की गोळ्या बंद करा असं तिनं कोणालाच सांगितलं नाही.

"माह्या तोंडून सांगतलं," मी म्हणाले.

तिनं गॅस बंद करून चहा गाळला. "लोकाईले तुह्यावर भरोसा आहे. माह्यावर कोण ठेवते?"

मी विचारलं, "तू दर महिन्याले येत होती ते माह्यासाठी का याच्यासाठी?"

"दोन्हीसाठी," ती म्हणाली.

फक्त तुह्यासाठी म्हणाली असती तर मी भांडले असते. मी चहा तसाच ठेवून उठले. दारात तिनं माझा हात धरला, मी तो सोडवून घेतला. तिनं माझ्यादेखत व्हिडिओ काढून टाकला, पण तोवर तो कुठल्या कुठे गेला होता.

वावरवाली पंधरा दिवसांनी घरी आली. मी तिला सगळं खरं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, विश्वास ठेवल्यासारखं दाखवलं. पण आता गोळ्यांचं ती मला काही विचारत नाही. कुंपणाजवळ आले तर पाण्याचं, पिकाचं बोलते आणि वाफ्याकडे वळते. बाजाराच्या दिवशी मी बायांना थांबवून सांगत फिरले की कॉफी प्यायची तर प्या, गोळ्या सोडू नका. काहींनी मान हलवली. एकीनं विचारलं, मंग तवा काऊन तसं म्हणल्या?

मागच्या आठवड्यात लोणारच्या स्टँडवर एक अनोळखी बाई माझ्याकडे निरखून पाहत होती. जवळ येऊन म्हणाली, "त्या व्हिडिओतल्या मॅडम तुम्हीच ना?" मी तिला बाकावर बसवलं आणि पहिल्यापासून सांगायला लागले. निम्म्यात तिची बस लागली आणि ती हो हो म्हणत चढून गेली.