एण्णे म्हणजे तेल

आमचे हे श्रीशैलला चालत येतो म्हणाले तेव्हा, खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला नाही, धास्तीच वाटली. निपाणीकडनं श्रीशैल म्हणजे वीसएक दिवसांची चाल. घरात असले की माझी नजर तरी असायची. वाटेत गावोगावी दारूची दुकानं, मी कुठंकुठं पुरी पडणार? गवंडीकामात त्यांचा हात असा, की ओळंबा लावायच्या आधीच भिंत सरळ. पण काम सुटलं की पावलं आपोआप दुकानाकडं वळायची. दवाखान्यातल्या औषधानं महिनाभर दारू बंद होती. तशी याआधीही दोनदा बंद झाली होती, आणि दोन्ही वेळा परत सुरू झाली होती.

या खेपेला कारण मोठं होतं. आमची एकुलती एक लेक बोरगावला दिलीय. तिच्या बाळाच्या बारशाला हे पिऊन गेले आणि भरल्या घरात तोल जाऊन पाळण्यावरच पडले. बाळाला लागलं नाही, देवानंच राखलं. पण लेकीनं सगळ्यांदेखत हात जोडले. म्हणाली, "आप्पा, पिऊन माझ्या दारात यायचं न्हाय. सोडशीला तवाच या." त्याला दीड वर्ष उलटलं. नातू चालायला लागला, बोबडं बोलायला लागला, पण आजोबा म्हणजे कोण हे काही त्याला ठाऊक नव्हतं. मी एकटीच जायची, आणि घरी आल्यावर हे भिंतीकडं तोंड करून विचारायचे, "काय म्हणतंय प्वार?"

आमच्या गल्लीतली शिवाक्का दरसाल पाडव्याला चालत श्रीशैलला जाते. कानडी मुलखात श्रीशैलचा देव मल्लय्या म्हणजे जावई आणि देवी भ्रमरांबा म्हणजे आपली लेक. पाडव्याला लेकीला साडीचोळी घेऊन तिच्या सासरी जायचं, अशी ही यात्रा. आम्ही सीमेवरची माणसं, मराठी बोलत असलो तरी हे नातं आमच्याही अंगात मुरलेलं. शिवाक्का आमच्या उंबऱ्यात बसून यांना म्हणाली, "अण्णा, लेकीच्या सासरी चाललोय. येताय काय? पण आधीच सांगते, पिऊन कोण लेकीच्या घरी जात न्हाय." मला वाटलं, आता हे उठून जाणार. तर हे म्हणाले, "येतो."

निघालो खरं, पण मी माझी सवय काही घरी ठेवून आले नाही. वर्षानुवर्षं मी रोज संध्याकाळी यांना म्हणायची, "फू करा." यांनी फुंकर मारायची, मी वास घ्यायची. वाटेतही तेच. चिकोडी झालं, मुधोळ झालं, बागलकोट झालं, मुक्काम आला की आधी फू करा, मग पाठ टेका. चारचौघांत त्यांना कसं वाटत असेल, हा विचार माझ्या मनाला शिवला नाही. शिवाक्का तर हसून म्हणायची, "आक्का, मल्लय्या परवडला, तू लई कडक हाईस गं!" मीही हसायची. तोंडानं मल्लय्या मल्लय्या म्हणत होते, पण भरवसा सगळा माझ्या नाकावर.

आता एक सांगायला हवं. कानडीत एण्णे म्हणजे तेल. पण आमच्याकडची पिणारी माणसं घरात दारूचं नाव घेत नाहीत, एण्णेच म्हणतात. "एण्णे हाय काय रं?" असं कुणी दारात येऊन विचारलं, की हे कुठलं तेल ते बायकापोरांनाही बरोबर कळतं.

हुनगुंद मागं पडल्यावरची गोष्ट. ऊन असं, की डांबर पायाला चिकटावं. हे नवस बोलून अनवाणी चालत होते, टाचांच्या भेगांतनं रक्त येत होतं. त्या दिवशी सकाळपासून यांचं लक्षण बरं नव्हतं. कुणाशी बोलेनात, ताक दिलं तर प्याले नाहीत. दुपारी एका गावात शाळेच्या व्हरांड्यात सगळी आडवी झाली. मी जागी राहायचं ठरवलं होतं, पण डोळा लागला. उठून बघते तर यांची जागा रिकामी, नुसता टॉवेल पडलेला. यात्रेकरूंना ताक वाढणाऱ्या गावकऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "एका अज्जीबरोबर गेले की. अज्जी म्हणत होती, बा यप्पा, एण्णे कोडतीनि."

ये बाबा, एण्णे देते. देवाच्या वाटेवर दारू विकते म्हणजे कसली ही म्हातारी! चपला घालायचंही सुचलं नाही. त्यानं दाखवलेल्या बोळानं मी तशीच धावले. मनात मल्लय्यालाही वाट्टेल ते बोलले. म्हटलं, इतकं चालवलंस आणि इथं आणून पाडलंस काय?

बोळाच्या टोकाला मातीचं घर, दार सताड उघडं. आत हे कट्ट्यावर बसलेले, पाठ माझ्याकडं. मी दारातनंच ओरडले, "फू करा!" यांनी वळून बघितलं. तोंड सगळं डोळ्यांच्या पाण्यानं भिजलेलं. आणि त्या माणसानं, तसंच रडत रडत, माझ्याकडं बघून फुंकर मारली.

मी जवळ गेले. वास आला तो ओवा घालून कढवलेल्या करडईच्या तेलाचा. यांचा पाय त्या म्हातारीच्या मांडीवर होता. ऐंशीच्या घरातली असेल. वाटीतलं कोमट तेल भेगांत भरत ती आपल्याच नादात म्हणत होती, "मगळ मनीगे होंटीयप्पा." लेकीच्या घरी चाललास बाबा. मला बघून तिनं बाजूची जागा झटकली आणि म्हणाली, "काल कोडव्वा." पाय दे बाई.

माझे पाय भाजून लाल झाले होते, हे तेव्हा मला कळलं. एवढ्या वयाच्या बाईला पायाला हात कसा लावू द्यायचा म्हणून मी मागं सरकले, तर तिनं खेकसून ओढूनच घेतला. म्हणाली, मल्लय्याकडं चाललेले पाय तुझे कुठले? मी मुकाट्यानं बसले.

संध्याकाळी चालताना यांनी आपण होऊन सांगितलं. "तुझ्यापासनं काय लपवू? मी दुकान हुडकायलाच निघालतो. ही म्हातारी आडवी आली, एण्णे देते म्हणली. म्या म्हटलं, ह्यो देवच द्याय लागलाय, आता कशाला न्हाय म्हणू? म्हणून गेलो मागनं. आन् ती खाली बसून म्हणती कशी, काल कोडप्पा." मी म्हटलं, "मलाबी तसंच वाटलं वो." तर हे चालता चालता थांबले आणि इतके हसले, इतके हसले, की शिवाक्का मागं वळून विचारायला लागली, काय झालं म्हणून.

त्या दिवसापासनं मी "फू करा" म्हटलेलं नाही. ठरवून सोडलं असंही नाही, तोंडातनं शब्दच येईना. श्रीशैलला पोचलो, लेकीला, म्हणजे भ्रमरांबेला, साडी नेसवली. दर्शनाच्या वेळी एवढ्या वाटभर घोकलेलं मागणं मी विसरूनच गेले. समोर नुसती उभी होते. येताना गाडीनं आलो. ती म्हातारी कोण, नाव काय, विचारायचं राहूनच गेलं.

घरी न जाता आधी बोरगावला उतरलो. लेक दारात आली. हे उंबऱ्याच्या बाहेरच थांबले, आत पाऊल टाकेनात. आणि काय सुचलं कुणास ठाऊक, तिच्याकडं बघून त्यांनी फू केलं. लेकीचा चेहरा बघवेना. पण तिच्या कडेवरच्या नातवाला तो खेळच वाटला. त्यानं गाल फुगवून आजोबांच्या तोंडावर फुंकर मारली, थुंकीसकट. मग लेक हसली आणि रडली. पायांवर पाणी घालायला वाकली, तर तिला त्या टाचा दिसल्या. म्हणाली, "आप्पा, आत या. तेल लावते."

याला आता वर्ष झालं. उद्याचं मला माहीत नाही, आणि माहीत करून घ्यायची पहिल्यासारखी घाईही नाही. हे संध्याकाळी कामावरनं येतात तेव्हा मी चुलीजवळच असते. पूर्वी दारात जायची. आता तिथनंच हाक मारते, मल्लय्याला मनात हात जोडते, आणि करडईच्या तेलाची वाटी निखाऱ्यावर ठेवते.