न दिसणारी डिस्क

यित्स्के पूर्वी डेअरीत यंत्रं सांभाळायची. आता दर शनिवारी सकाळी ती वेस्टरवार्ड गावच्या सभागृहात दुरुस्तीच्या टेबलावर बसते, आणि 'मेलं हो, फेकून द्या' असं कुणी म्हटलं की तिचं डोकं फिरतं. तिथली रीत अशी की वस्तू ठेवून निघून जायचं नाही. मालकानं शेजारी बसायचं आणि शेवटचा हात त्यानंच लावायचा.

त्या शनिवारी डर्क बर्फ-मंडळाचा, म्हणजे गावच्या तळ्यावरचं स्केटिंग सांभाळणाऱ्या मंडळाचा, कॉम्प्युटर काखोटीला मारून आला. कितीतरी हिवाळ्यांनी गावचं तळं पक्कं गोठलं होतं आणि दुसऱ्या दिवशी स्केटिंग सुरू व्हायचं होतं. तळं खुलं झालं की कर्ण्यावरून डर्कच्या वडिलांचा, हार्मेनचा आवाज लागायचा. हार्मेन कधीच गेला होता, पण त्याची हाक आल्याशिवाय कुणी बर्फावर पाय ठेवत नसे. ती रेकॉर्ड केलेली हाक होती याच कॉम्प्युटरमध्ये. जुनी विंडोज सुरू होईना म्हणून डर्क पेन ड्राइव्हवरून तिच्या जागी लिनक्स टाकायला बसला, तर इन्स्टॉलर म्हणे, डिस्कच नाही.

"मावशी, डिस्क मेली. बाबांचा आवाजही गेला." डर्कचा चेहरा पार उतरला होता.

"तू काय डॉक्टर लागून गेलास? गप कॉफी घे."

यित्स्केनं मशीन सुरू करून थेट बायॉसच्या, म्हणजे मशीनच्या स्वतःच्या मुळातल्या, सेटिंगा उघडल्या. तिथे डिस्कचं नाव ठळक होतं.

"हे बघ. घरधन्याला, म्हणजे मशीनला दिसतेय, पाहुण्या इन्स्टॉलरला दिसत नाही. मग मेली कशी?"

डिस्क रेड नावाच्या पद्धतीनं जोडलेली होती, आणि ती या इन्स्टॉलरला कळत नव्हती. यित्स्केनं तिथे साधी एएचसीआय पद्धत निवडली आणि मशीन पुन्हा सुरू केलं. डिस्क समोर आली. तिला त्याचं काहीच नवल वाटलं नाही.

डर्कचा आनंद मात्र गगनात मावेना. शेवटचा हात त्याचा, म्हणून माउस त्याच्याकडे. तो तडक 'संपूर्ण डिस्क पुसून इन्स्टॉल करा' या बटणाकडे निघाला. यित्स्केनं त्याचं मनगट धरलं.

"आवाजाची कॉपी आहे ना?"

"आहे की! दोन-दोन आहेत."

"कुठे?"

"याच डिस्कवर."

"धन्य आहेस बाबा! दिसत नव्हती म्हणून तर तुझ्या तावडीतून वाचली ती."

डर्कनं माउस सोडून दिला. यित्स्केनं इन्स्टॉलर बंद केला, डर्कच्या पेन ड्राइव्हवरूनच लिनक्स चालवून डिस्क उघडली आणि हार्मेनची हाक आपल्या दुसऱ्या पेन ड्राइव्हवर घेतली. नीट उतरलीय की नाही, म्हणून तिनं ती मोठ्यानं लावली. शेजारच्या टेबलावरचं शिवणयंत्र थांबलं.

"बर्फ धरलाय! या सगळे!" हार्मेन गरजला. मग जरा लांबून, कुणावर तरी ओरडल्यासारखं, "डर्क, टोपी घाल!"

पन्नाशीच्या डर्कनं खिशातून लोकरी टोपी काढली आणि त्या उबदार सभागृहात मुकाट्यानं डोक्यावर चढवली. मग इन्स्टॉलर पुन्हा उघडून ते पुसायचं बटण दाबलं.